लाखोळी एक, वाण अनेक : पोत्यात काय आहे ते व्यापाऱ्याला ठाऊक हवे

मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, चामोर्शी हा सारा पट्टा धानाचा. धान कापणीला येण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस बांधीतील ओलाव्यात शेतकरी लाखोळीचे बी फेकून देतो. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापले जाते, आणि खोडव्याच्या आधाराने लाखोळी वर येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती निघते. या पद्धतीला आपल्याकडे उतेरा म्हणतात. ज्याला दुसरे पीक घेणे परवडत नाही, त्याच्या घरात उन्हाळ्यापूर्वी चार पैसे आणि वर्षाची डाळ याच पिकातून येते.

हा माल शेवटी आमच्याच व्यापारी बांधवांच्या दुकानात येतो. कोणी तो अडतीवर घेतो, कोणी भरडून डाळ करतो, कोणी गिरणीवर पीठ काढतो, कोणी आठवडी बाजारात किलो-दोन किलोने विकतो. पण लाखोळीचे पोते दुकानात असले की मनात धाकधूक असते. "ही डाळ बंद आहे ना?", "ही खाल्ल्याने पाय जातात ना?" असे गिऱ्हाईक विचारते आणि दुकानदार गोंधळतो. काहीजण म्हणतात, सारे थोतांड आहे, आमच्या आज्याने जन्मभर खाल्ली. काहीजण म्हणतात, विषच आहे, हात लावू नका. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात. लाखोळी हे एका मालाचे नाव नव्हे. त्या नावाखाली पुष्कळ वाण आहेत, आणि दोन वाणांत इतका फरक असू शकतो की एकाचा व्यापार निर्धोक असावा आणि दुसऱ्याचा गिऱ्हाइकाच्या अंगाशी यावा. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो समजून घ्यावा लागतो.

वाण म्हणजे काय हे आपल्या भागाला शिकवण्याची खरे तर गरज नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातील 'पटेल ३' या धानात काही लोंब्या वेगळ्या पाहिल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला १९९० साली 'एचएमटी' हे नाव पडले ते एका व्यापाऱ्यामुळे, त्या काळच्या घड्याळावरून. एकाच बांधीत, एकाच पाण्यावर उभ्या असलेल्या रोपांत जो वेगळेपणा होता तो बियांतला, म्हणजेच जनुकांतला होता. खोब्रागडे २०१८ साली वारले, पण त्यांचा तांदूळ आजही आपल्या मापाखालून जातो. 'धान' एवढे म्हणून कोणी सौदा करत नाही, वाण विचारूनच भाव ठरतो. लाखोळीच्या बाबतीत मात्र आपण अजून नुसत्या नावावर सौदा करतो.

वाटाण्याचा धडा

लाखोळीचा जवळचा नातेवाईक म्हणजे वाटाणा. दोन्ही एकाच कुळातील, दोन्हींत गुणसूत्रांच्या सात जोड्या. आनुवंशिकतेचे शास्त्र जन्मले तेच मुळी वाटाण्याच्या वाफ्यात, आणि त्यातही बियाण्याच्या व्यापाऱ्यांचा हात होता ही गोष्ट आमच्या वाचकांना आवडेल. ब्रून शहरातील ग्रेगोर मेंडेल या पाद्र्याने बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणले. दोन वर्षे नुसते पेरून पाहिले की कोणता वाण आपल्या शब्दाला जागतो, म्हणजे पुढच्या पिढीतही तसाच निघतो. त्यातून २२ ठेवले. गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. लपलेला गुण नाहीसा होत नाही, पुढच्या पेरणीत तो वर येतो. १८६६ साली छापलेल्या या हिशेबाकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही.

दाण्याला सुरकुती का पडते याचे उत्तर १९९० साली इंग्लंडमध्ये मिळाले. साखरेपासून स्टार्च बनवण्याच्या कामात मदत करणारे एक जनुक त्या वाणात मोडलेले असते. त्यामुळे दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते, कोवळ्या दाण्यात पाणी जास्त धरले जाते आणि वाळताना कातडी आक्रसते. म्हणून 'अर्केल' आणि 'बोनव्हिल' हे हिरव्या शेंगांचे वाण खायला गोड लागतात आणि त्यांचे बी सुरकुतलेले असते. उलट रगड्यासाठी लागणारा पांढरा वाटाणा गोल असतो, त्यात स्टार्च भरपूर असतो, म्हणून तो शिजून घट्ट रस्सा देतो. चाटच्या गाडीवाल्याला जनुकाची भाषा येत नसेल, पण सुरकुतलेला दाणा रगड्याला चालत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. पोषणातही हा फरक उतरतो. सुरकुतलेल्या वाटाण्याचा स्टार्च सावकाश पचतो आणि जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते, असे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले. मधुमेह घराघरांत शिरला असताना ही माहिती व्यापाऱ्याच्याही कामाची आहे.

वाटाण्यात एक सोय अशी की त्याचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. वाण शुद्ध राहतो. लाखोळीत तसे नाही. तिच्या निळ्या-पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि काही प्रमाणात शेजारच्या शेतातला पराग घेऊन येतात. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लाखोळीत काय आहे

आधी चांगली बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम लाखोळीच्या डाळीत २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत ती २२, हरभऱ्याच्या डाळीत २१, वाळलेल्या वाटाण्यात २० च्या जवळ भरतात. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा येते त्या घराला ही डाळ काय देते हे यावरून समजावे. कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वेगळीच.

आता दुसरी बाजू. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. ते १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच वेगळे करून दाखवले. ज्या माणसाच्या ताटात दोन-तीन महिने किंवा अधिक काळ मुख्यतः लाखोळीच असते, दुसरे धान्य, भाजी, दूध जवळजवळ नसते, त्याच्या मज्जारज्जूवर याचा परिणाम होऊन पाय ताठरतात. चालताना गुडघे जुळतात, टाचा उचलल्या जातात, पुढे काठी लागते, आणि काहींना तर नुसते सरपटणे उरते. एकदा जडला की हा रोग बरा होत नाही. आयुर्वेदात याला कलायखंज असे नाव आहे, म्हणजे ओळख फार जुनी. कर्नल स्लीमन यांनी १८३० च्या सुमारास सागर भागात दुष्काळानंतर तरुण माणसे अशी लंगडी झालेली पाहून लिहून ठेवले. विसाव्या शतकात रीवा-सतना भागात ज्या शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखोळीच दिली जाई, त्यांच्यात हा रोग शेकड्यांनी आढळला. रोग डाळीचा होता, पण मजुरीचाही होता. ज्याला दुसरे काही खायला मिळत होते त्याचे पाय शाबूत राहिले. आमच्या भागात "आज्याने जन्मभर खाल्ली" हे खरे असण्याचे कारण बहुधा हेच, की आज्याच्या ताटात भात होता, भाजी होती, तळ्यातली मासळी होती, आणि डाळ तोंडी लावण्यापुरती होती.

पण प्रश्न वाणाचा. गावरान लाखोळीच्या निरनिराळ्या नमुन्यांत ओडॅपचे प्रमाण शेकडा ०.१ पासून २ च्या वरपर्यंत आढळलेले आहे. टक्केवारी ऐकून कानावरून जाते, म्हणून पोत्याच्या हिशेबात सांगतो. एका क्विंटलच्या पोत्यात हे द्रव्य एका वाणात १०० ग्रॅम असेल, तर दुसऱ्यात १ किलो, तिसऱ्यात २ किलो. तिन्ही पोत्यांवर नाव एकच, भाव एकच, चव जवळपास एकच.

कमी ओडॅपचा वाण काढण्याचे काम अनेक वर्षे चालले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७४ साली 'पुसा २४' दिला. त्याच वाणाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यातून निवड करून १९९७ साली 'रतन' आला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'प्रतीक' आणि नंतर 'महातिवडा' दिले. या तिन्ही नव्या वाणांत ओडॅप शेकडा ०.१ च्या आत-बाहेर असते. २०२३ साली लाखोळीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि हे द्रव्य दाण्यात बनवणारी यंत्रणा बरीच उलगडली. त्यामुळे ओडॅप जवळजवळ नसलेला वाण पुढेमागे येईल अशी आशा शास्त्रज्ञांना आहे. तो येईल तेव्हा येईल. आज बाजारात आहेत ते वरचे वाण आणि त्यांच्या शेजारी गावरान.

येथे मधमाशीची गोष्ट आठवावी. चांगल्या वाणाचे बी आणून पेरले, पण धुऱ्यापलीकडे गावरान लाखोळी उभी असली, तर चार-पाच वर्षे घरचेच बी राखत गेल्यावर वाण भेसळतो. शिवाय पाऊस लवकर उठला, जमिनीला ताण पडला, किंवा जमिनीत जस्त कमी असले, तर त्याच वाणाच्या दाण्यात ओडॅप वाढते. म्हणजे शेतकरी प्रामाणिकपणे "रतनच आहे" म्हणत असला तरी ते बी त्याने कितव्या वर्षी पेरले हे विचारणे भाग आहे. दाणा हातात घेऊन काही ठरत नाही. पूर्वी मोठ्या दाण्याला लाख आणि बारीक दाण्याला लाखोळी म्हणून निराळे काढत, पण दाण्याच्या आकारावरून आतले द्रव्य ओळखता येत नाही. जो दलाल दाणा चावून "गोड लाखोळी" ठरवतो, त्याच्या शब्दावर आम्ही तरी पैसे लावणार नाही.

कायदा काय म्हणतो

१९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतील ४४-अ हा नियम जुन्या व्यापाऱ्यांना पाठ असेल. तो नियम वाणाकडे पाहत नव्हता, नावाकडे पाहत होता. त्या वेळी कमी ओडॅपचे वाण हाती नव्हते, म्हणून त्याला दोष देता येत नाही. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे उपोषणे केली, निवेदने दिली. पूर्व विदर्भाच्या गरीब शेतकऱ्याचे पीक बाजारातून हद्दपार केले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. महाराष्ट्र शासनाने २००८ साली बंदी मागे घेतली. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना अनुकूल मत दिले. आमच्या दृष्टीने हा मोठा बदल होय, कारण सरकारी कागदावर प्रथमच 'लाखोळी' ऐवजी वाणाचे नाव आले.

तरी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत लाखोळीचा दाणा, डाळ, पीठ आणि हरभरा किंवा इतर डाळींत केलेले तिचे मिश्रण यांवर बंधन घातलेले आहे, आणि ते प्रत्येक राज्य आपल्या अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून लागू होते. म्हणजे मूलच्या बाजारात जो माल चालतो तो तेलंगण किंवा आणखी कोणत्या राज्यात चालेलच असे नाही. ट्रक भरण्यापूर्वी जेथे माल जाणार तेथला नियम अन्न व औषध प्रशासनाकडून लेखी विचारून घ्यावा. दलालाचा "सगळे चालते" हा शब्द पंचनाम्यात उपयोगी पडत नाही.

आणि मिसळीला तर कोठेच माफी नाही. तुरीच्या डाळीत लाखोळी, हरभऱ्याच्या बेसनात लाखोळीचे पीठ, हा जुना धंदा आहे. रमजानमध्ये इफ्तारीच्या भज्यांसाठी बेसनाची मागणी वाढते, तेव्हा तो जास्त चालतो हे सांगायला आम्हांस लाज वाटते. हल्ली त्याच कामाला पांढऱ्या वाटाण्याचे पीठही लागते. पांढऱ्या वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० टक्के आयात शुल्क बसले, डिसेंबर २०१९ मध्ये किलोला २०० रुपये किमान आयात किंमत ठरली, तेव्हा तो महागला होता. डिसेंबर २०२३ मध्ये शुल्क माफ झाले आणि परदेशी वाटाणा पुन्हा स्वस्त येऊ लागला. वाटाण्याच्या पिठाने कोणाचे पाय जात नाहीत हे खरे, पण हरभऱ्याचे म्हणून ते विकणे ही फसवणूकच. हलक्या प्रतीच्या मालाला ५ लाखांपर्यंत आणि खोट्या लेबलाला ३ लाखांपर्यंत दंड आहे. आरोग्याला अपायकारक ठरल्यास शिक्षा वेगळी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि खालचे धान्य ओले निघाले, तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्याला काय सुनावले ते आपल्यापैकी प्रत्येकाने जुम्याच्या खुतब्यात ऐकले आहे.

दुकानात आणि गिरणीवर

अख्खा दाणा ओळखणे सोपे आहे. तो वाटाण्यासारखा गोल नसतो, पाचरीसारखा कोनदार, करड्या रंगाचा, बारीक ठिपक्यांचा असतो. भरडलेली डाळ तुरीसारखी पिवळी दिसते, पण तूर गोलसर असते आणि लाखोळीची डाळ एका बाजूने उतरती, चौकोनी वाटते. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात पाहिली तर नजर आठ दिवसांत तयार होते. पिठात हे दिसत नाही. त्यासाठी पीठ काचेच्या भांड्यात घेऊन त्यात पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे आणि ते भांडे मंद उकळत्या पाण्यात १५ मिनिटे ठेवावे. गुलाबी रंग आला तर लाखोळी असल्याचा संशय धरावा. आम्ल टाकताच, गरम न करता, किरमिजी रंग आला तर तो बहुधा मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा. आम्ल जपून हाताळावे, आणि तपासलेले पीठ फेकून द्यावे. ही घरगुती परीक्षा आहे, खटल्यात प्रयोगशाळेचाच दाखला चालतो. आणि या परीक्षेने लाखोळी आहे की नाही एवढेच कळते, वाण कोणता ते कळत नाही. ओडॅपचे प्रमाण मोजायचे तर प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. एका पोत्यासाठी हा खर्च परवडणार नाही. दहा-बारा व्यापाऱ्यांनी मिळून एकेका गावच्या मालाचा नमुना दिला तर परवडेल.

पिठाच्या गिरणीवाल्या बांधवांना एक वेगळे सांगणे आहे. लाखोळी दळल्यावर दगडात आणि घसरणीत पाव-अर्धा किलो पीठ अडकून राहते. पाठोपाठ कोणाचा हरभरा आला की ते त्यात जाते. मनात खोट नसताना भेसळ होते ती अशी. लाखोळीचा दिवस किंवा निदान वेळ वेगळी ठेवावी, शेवटी थोडा कोंडा किंवा तांदळाची कणी फिरवून दगड साफ करावा. डाळ मिलमध्ये चाळण्या बदलाव्यात. चाळणी आणि पत्र्याचे काम करणारे आमचे कारागीर वेगळ्या छिद्रांची जाळी सहज बनवून देतात, त्यासाठी नागपूरला जाण्याची गरज नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगावे? लाखोळी आहे हे नावाने सांगावे. ही डाळ रोज, एकटी, पोटभर खाण्याची नाही, भात-भाजीबरोबर खाण्याची आहे, हेही सांगावे. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले, किंवा भरपूर पाण्यात उकळून पाणी काढून टाकले, की त्यातील बराचसा भाग निघून जातो. काही जीवनसत्त्वेही त्याबरोबर जातात, पण हा सौदा फायद्याचाच. बेसन करून भजी तळली तर पाणी फेकण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून पिठापेक्षा डाळ विकणे बरे असे आमचे मत आहे.

खरेदीची वेळ मार्चमध्ये येते, पण या धंद्याचे खरे काम ऑक्टोबरमध्ये आहे, धान उभे असताना. ज्यांच्याकडून आपण दरवर्षी माल घेतो त्या शेतकऱ्यांना त्याच वेळी विचारावे की बी कोणते फेकणार, कोठून आणले, कितव्या वर्षाचे. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात आणि कृषी विज्ञान केंद्रात कमी ओडॅपच्या बियाण्याची चौकशी करावी, कारण ऐन वेळी ते मिळत नाही. एका गावच्या सलग बांध्यांत एकच वाण पडला तर मधमाशीचा धोका कमी होतो. म्हणून एका शेतकऱ्याला बी देण्यापेक्षा एका टोळीतील सगळ्यांना दिलेले बरे. अशा गावचा माल वेगळ्या पोत्यात, वेगळ्या थप्पीत, गावाच्या आणि वाणाच्या नावाने ठेवावा. बियाण्याची रक्कम मालाच्या पैशातून वळती करायची असेल तर करावी, पण व्याज न लावता, आणि भाव मार्चच्या बाजारावर सोडावा. ऑक्टोबरमध्येच गळा धरून ठरवलेला भाव शेतकऱ्याला झोंबतो, आणि मग तो चांगले बी दुसऱ्याच्या पोत्यात घालतो.